'व्हेल्क'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: उत्तर अटलांटिकच्या किनाऱ्यावरील जीवांविषयीचा एक लेख मराठीत आणताना 'कॉमन व्हेल्क' या कवचात राहणाऱ्या समुद्री प्राण्यासाठी कोणता शब्द घ्यावा? अनुवाद करणाऱ्यांनी आधी 'समुद्री गोगलगाय' लिहिलं, मग ते खोडून 'शंख' केलं, आणि एका परिच्छेदात 'शिंपला'ही आला. यातलं बरोबर काय?

शिंपला आधी बाद करावा. शिंपल्याला बिजागरीने जोडलेली दोन पुटं असतात. तिसऱ्या आणि कालवं ही त्या घरातली. शंख एकसंध असतो, वळसे घेत वाढलेला. म्हणून तर आपण 'शंखशिंपले' अशी जोडी बोलतो. दोन्ही एकच असते तर जोड कशाला लागली असती? व्हेल्कच्या बाबतीत ही चूक जास्तच खटकते, कारण शिंपले हे त्याचं खाणं आहे. शिंपल्याने पुटं जरा उघडली की व्हेल्क आपल्या शंखाचा काठ त्या फटीत सारतो, म्हणजे पुटं पुन्हा मिटत नाहीत, आणि मग सोंड आत घालून मांस खातो. हे वाक्य मराठीत लिहायचं तर शंख आणि शिंपला हे दोन शब्द आपापल्या जागी असायलाच हवेत.

आता शंख की गोगलगाय? इथे खरी अडचण आहे. मराठीत 'शंख' म्हटलं की डोळ्यांपुढे कवच येतं, प्राणी येत नाही. देवघरातला शंख, फुंकायचा शंख, वैद्यांचं शंखभस्म, सगळीकडे प्राणी केव्हाच निघून गेलेला असतो. उलट 'गोगलगाय' म्हटलं की पावसाळ्यात भिंतीवर चढणारा ओला, मऊ जीव आठवतो. म्हणजे एका शब्दात घर आहे आणि दुसऱ्यात घरात राहणारा. इंग्रजीत 'व्हेल्क' हा एकच शब्द दोन्हींसाठी चालतो, म्हणून मूळ लेखात गोंधळ दिसत नाही. मराठीत तो लगेच उघडा पडतो. त्याच किनाऱ्यांवर संन्यासी खेकडा व्हेल्कच्या रिकाम्या कवचात बिऱ्हाड करतो. 'खेकडा गोगलगायीत राहतो' असं लिहून चालणार नाही. तिथे 'व्हेल्कच्या शंखात' हेच हवं.

'गोगलगाय' हा शब्द शास्त्राच्या दृष्टीने मात्र अगदी चोख आहे. या प्राण्यांच्या वर्गाला आपण 'उदरपाद' म्हणतो, म्हणजे पोटालाच पाय असलेले, आणि आपली म्हण तेच सांगते: 'गोगलगाय नि पोटात पाय'. वरून गरीब आणि आतून पोचलेला, असा म्हणीचा रोख. व्हेल्कला तो लागू पडतो. पांढुरक्या अंगावर काळे ठिपके, चाल संथ. पण पाणी हुंगायची नळी वर उभारून तो मेलेल्या माशाचा वास दुरून घेतो आणि थेट तिथे पोचतो. कोळी याचाच फायदा घेतात: मासे-खेकड्यांचं आमिष घातलेले सापळे तळाशी सोडून ठेवतात.

तरीही लेखभर 'समुद्री गोगलगाय' लिहू नये असं माझं मत आहे. तो हजारो जातींना मिळून लागणारा शब्द आहे, आणि ही एक ठरावीक जात आहे: बुक्सिनम उंडाटम. जीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या स्वीडिश शास्त्रज्ञ लिनीयसने १७५८ मध्ये तिचं नाव नोंदवलं. लॅटिन 'बुक्किना' म्हणजे तुतारी, शिंग. 'उंडाटम' म्हणजे लाटा असलेलं. शंख हातात घेतला की नाव पटतं. सुमारे दहा सेंटिमीटर उंची, मळकट पांढरा ते तपकिरी रंग, वरून खाली उतरणाऱ्या जाड लाटांसारख्या घड्या आणि त्यांना आडव्या छेदणाऱ्या बारीक रेघा. नाव देणाऱ्यालाही वाद्यच आठवावं, याचा मला आनंद वाटतो. कवचाला 'शंख' म्हणण्यात म्हणूनच काही वावगं नाही.

फक्त 'शंख' शब्दाभोवतीचं पावित्र्य ध्यानात ठेवावं. फ्रान्समध्ये हा प्राणी 'बुलो' नावाने उकडून थंड खातात, इंग्लंडमध्ये किनाऱ्यावरच्या गाड्यांवर व्हिनेगर-मिरपूड घालून विकतात, आणि ब्रिटन-आयर्लंडचे बरेचसे व्हेल्क दक्षिण कोरियात जातात. तिथे 'लोक शंख खातात' असं लिहिलं तर मराठी वाचक कवच चावणारी माणसं तरी कल्पील, नाहीतर देवघर आठवून दचकेल. 'व्हेल्क खातात' म्हणावं.

मूळ लेखाची भाषा कोणत्या प्रदेशातली आहे हेही पाहून घ्या. स्कॉटलंडमध्ये 'व्हेल्क' म्हणतात ते बहुधा खडकांवरच्या पेरिविंकल नावाच्या छोट्या गोगलगायीला, आणि आपल्या या प्राण्याला तिथे 'बकी' म्हणतात. अमेरिकेत 'व्हेल्क' हे नाव वेगळ्याच कुळातल्या मोठ्या शंखांना आहे.

आणि सर्वांत जास्त जपायचं ते डाव्या-उजव्याला. व्हेल्कचा शंख 'उजव्या वळणाचा' असतो, असं मूळ लेखात असणारच. त्याचं भाषांतर चुकूनही 'दक्षिणावर्ती' करू नका! जीवशास्त्रज्ञ शंखाचं वेटोळ्यांचं टोक वर धरतात आणि तोंड आपल्याकडे करतात. तोंड उजव्या बाजूला आलं की शंख उजवा. आपल्या परंपरेत शंख उलटा धरून पाहतात, म्हणजे वेटोळ्यांचं टोक खाली आणि तोंडाची निमुळती पन्हळ वर. उलटा धरला की उजवीकडचं तोंड डावीकडे जातं. त्यामुळे शास्त्राचा उजवा तो आपला वामावर्ती. मन्नारच्या आखातातला आपला पूजेचा शंखसुद्धा शास्त्राच्या हिशेबाने सहसा उजवाच असतो. डावा क्वचित सापडतो, आणि तोच दुर्मिळ म्हणून दक्षिणावर्ती ठरतो. इंग्लंडमध्ये एसेक्सच्या किनाऱ्यावर वॉल्टन-ऑन-द-नेझला व्हेल्कच्या एका नातलगाचे, नेप्च्युनियाचे, वीस लाख वर्षांहून जुने जीवाश्म मिळतात. ते चक्क डाव्या वळणाचे आहेत, म्हणजे आपल्या भाषेत सगळे दक्षिणावर्ती.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. अमेरिकेतला 'लायटनिंग व्हेल्क' जन्मतःच डाव्या वळणाचा असतो आणि तिकडे मुबलक मिळतो. तो आपल्याकडे दक्षिणावर्ती म्हणून भारी किमतीला विकला जातो. शंखाच्या तोंडातून आत, मधल्या खांबावर पाहा: खऱ्या पूजेच्या शंखाला तिथे तीन-चार ठळक आडव्या घड्या असतात, या व्हेल्कला नसतात.

तेव्हा माझी शिफारस अशी. पहिल्या उल्लेखाला 'व्हेल्क ही थंड पाण्यातली समुद्री गोगलगाय' असं एकदाच सांगावं. पुढे प्राण्याला 'व्हेल्क', कवचाला 'शंख'. लिंग पुल्लिंगी ठेवावं: तो व्हेल्क, ते व्हेल्क, अनेकवचनात रूप बदलत नाही. 'गोगलगाय' स्त्रीलिंगी असल्याने दोन्ही शब्द आलटून पालटून वापरले तर क्रियापदं सारखी डगमगतील, हेही एक कारण.

प्रश्नात शेवटी 'ऑपरक्युलम'बद्दल विचारलं आहे. व्हेल्क अंग आत घेतो तेव्हा तोंडावर बसणारी ही तपकिरी, शिंगासारखी चकती. तिला साधं 'झाकण' म्हणावं. आपल्याकडे 'नखला' हा सुंदर शब्द आहे, पण तो अशी झाकणं वाळवून धूपात आणि सुगंधी तेलात घालतात त्या द्रव्याचा; जिवंत प्राण्याच्या झाकणाला तो लावू नये.