फेडरला हात लावण्याआधी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. आकाशवाणी केंद्रावरच्या शास्त्रीय संगीताच्या कार्यक्रमांची आखणी तुझ्याकडे सोपवली हे वाचून फार बरं वाटलं. तू विचारलं आहेस की अशा कार्यक्रमाचा दर्जा ठरतो कशावर: कलाकाराच्या नावावर, आकाशवाणीने त्याला दिलेल्या श्रेणीवर, की ध्वनिमुद्रणाच्या प्रतीवर? या तिन्ही गोष्टी लागतातच. पण तीसेक वर्षं या कामात काढल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. ज्याने तो कार्यक्रम लावला, त्याने ते गाणं आधी स्वतः तानपुरा छेडल्यापासून शेवटच्या समेपर्यंत, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर गाणं येऊन टेकतं तिथपर्यंत, ऐकलं आहे का, यावर दर्जा ठरतो. ऐकलं असेल तर मध्यम प्रतीच्या ध्वनिफितीतूनही चांगला अर्धा तास उभा राहतो. ऐकलं नसेल तर थोरातल्या थोर गवयाचं गाणं वाया जातं.

तुझ्यापुढे रोज येणारा प्रसंग घे. वेळापत्रकात अर्धा तास आहे आणि हाताशी असलेलं गाणं एकेचाळीस मिनिटांचं आहे. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे एकोणतिसावं मिनिट झालं की फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची पट्टी, खाली ओढायचा. असं रोज कुठे ना कुठे होतं. गायक तानेत असतो, तबलजी तिहाईच्या, म्हणजे तीनदा वाजवून समेवर येणाऱ्या बोलांच्या, तयारीत असतो, ऐकणाऱ्याचा श्वास समेसाठी अडलेला असतो, आणि तेवढ्यात आवाज विरतो आणि 'आता ऐका हवामान' असं कानावर येतं. त्या श्रोत्याला तू काय दिलंस? एक अपूर्ण आवर्तन, म्हणजे तालाचा अर्धवट राहिलेला फेरा, आणि ते दिवसभर त्याच्या डोक्यात अडकून राहतं.

मग करायचं काय? गाणं आधी ऐकलं असेल तर तुला ठाऊक असतं की विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल तेविसाव्या मिनिटाला संपतो आणि तिथे गायक क्षणभर थांबतो. तेवढाच ख्याल लाव आणि द्रुत, म्हणजे जलद लयीतल्या, बंदिशीचं काम आज नाही असं निवेदनातच सांगून टाक. उरलेली मिनिटं भरायला एखादी जुनी तबकडी घे. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. तेवढ्यात अब्दुल करीम खाँसाहेबांनी, केसरबाई केरकरांनी, हिराबाई बडोदेकरांनी अख्खा राग उभा केला आहे. स्थायी, अंतरा, दोन-चार ताना आणि सम. त्यात काही कमी पडलेलं नसतं. फिलर म्हणून कुठल्यातरी सतारीचा मधलाच तुकडा लावण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. आणि अगदीच कापावं लागलं तर सम होऊ दे, तबल्याचा ठेका एक आवर्तन मोकळा चालू दे, त्यावर आवाज हळूहळू उतरव. तानेवर कधीच नको.

निवेदनाबद्दल थोडक्यात सांगतो. 'सुप्रसिद्ध', 'ख्यातनाम', 'ज्येष्ठ' ही विशेषणं गाळ. त्यांच्या जागी राग, ताल, बंदिशीचे पहिले शब्द, ध्वनिमुद्रणाचं साल आणि साथीदारांची नावं सांग. साथीदारांची नावं गाण्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, दोन्ही वेळा. तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्याचं नाव कागदावर असेल तर तेही. गावाकडे त्याची आई रेडिओ लावून बसलेली असते.

आता ज्या गोष्टीसाठी हे लांबलचक पत्र लिहायला घेतलं तिच्याकडे येतो. रेडिओकडे एक धन आहे जे आज सभागृहाकडे उरलेलं नाही: दिवसाचे आठही प्रहर. मैफली संध्याकाळी सहा-साडेसहाला सुरू होतात आणि दहाच्या आत आटोपतात. त्यामुळे वर्षभर तिकीट काढून गाणं ऐकणाऱ्या रसिकाच्या कानावर तेच ते येतं: पूरिया धनाश्री, मारवा, यमन, बागेश्री, फार तर मालकंस. दुपारच्या रागांना मंचच उरलेला नाही. शुद्ध सारंग, गौड सारंग, मधमाद सारंग, मुलतानी हे राग शिकवले जातात, परीक्षेला विचारले जातात, पण तिन्हीत्रिकाळ गाणं ऐकणाऱ्यालाही ते प्रत्यक्ष मैफलीत क्वचितच भेटतात. दुसरीकडे रात्रीचं टोकही गेलं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला मनाई केली, आणि मांडवातल्या पहाटेपर्यंत चालणाऱ्या मैफली बंद झाल्या. मी नियमाच्या विरोधात नाही. शेजाऱ्याला झोप हवीच. पण रात्री साडेअकराचा दरबारी, त्यानंतरचा अडाणा, पहाटेचा ललत हे आता त्यांच्या वेळेला ऐकायचे तर रेडिओशिवाय जागा कुठे आहे?

म्हणून दुपारच्या सभेला, म्हणजे प्रक्षेपणाच्या त्या सत्राला, कमी लेखू नकोस. तिथे ऐकणारे कमी असतात म्हणून तिथे काहीही ढकलून द्यायची रीत पडली आहे, ती मोड. दुपारी एकला शेतातून येऊन जेवायला बसलेला माणूस, शिवणयंत्रावर बसलेली बाई, दुकानात गिऱ्हाईक नसताना रेडिओ लावणारा दुकानदार, यांना वृंदावनी सारंग असा भेटू दे की त्या उन्हाशी त्याचं नातं आपोआप जुळेल. तिथे शब्दांची गरज नसते.

दोन सभा एकमेकींना जोडूनही पाहा. मला फार आवडणारी जोडी देसकार आणि भूप. दोन्हींत सा, रे, ग, प, ध हे तेच पाच स्वर. देसकारात धैवताचं राज्य, चलन वरच्या अंगाचं, वेळ सकाळची. भूपात गांधार प्रमुख, वेळ रात्रीच्या पहिल्या प्रहराची. सकाळी देसकार लाव आणि शेवटी एवढंच सांग की हेच पाच स्वर आज रात्री आठ वाजता वेगळ्या रूपात ऐका. रात्री भूप लावताना सकाळची आठवण दे. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचंही असंच करता येईल. तीन दिवस, तीन वेळा, तेच स्वर. व्याकरणावर भाषण देण्याची गरजच पडत नाही, कान स्वतःच फरक ओळखतो. विविध भारतीवरच्या 'संगीत सरिता'ने वर्षानुवर्षं हेच केलं: सकाळी पंधरा मिनिटांत एक राग, त्याची ओळख, थोडं गायन-वादन आणि त्याच रागातलं एखादं चित्रपटगीत. त्या पंधरा मिनिटांनी किती घरांत पहिला कान तयार केला असेल!

चित्रपटगीताचा विषय निघालाच आहे तर इतिहासातली एक गोष्ट तुला ठाऊक हवी. बा. वि. केसकर १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी मंत्री होते. आपल्या पुण्याकडचे, संगीताचे जाणकार. त्यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार केली. हेतू शुद्ध होता, लोकांनी अभिजात संगीत ऐकावं हा. लोकांनी काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं. अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' घराघरांत पोचली ती याच काळात. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीलाच विविध भारती सुरू करावी लागली.

पण केसकरांना एवढ्यावर निकालात काढणं अन्यायाचं होईल. शनिवारी रात्रीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ सालचा, रेडिओ संगीत संमेलन १९५४ सालचं. कलाकारांच्या श्रवणचाचण्या आणि श्रेणी पद्धतही त्याच काळात रुजली. पं. श्रीकृष्ण रातंजनकर त्या चाचण्यांच्या मंडळाचे प्रमुख होते, आणि आयुष्यभर गायलेल्या बुजुर्गांना परीक्षेला बसवल्याबद्दल पुष्कळ रोषही झाला. तरीही राजेरजवाड्यांचा आश्रय संपल्यावर शेकडो कलावंतांना नियमित काम मिळालं ते या यंत्रणेमुळे. मी या सगळ्यातून माझ्यापुरतं एवढं घेतलं: चांगलं गाणं नियमाने, ठरल्या वेळी, पूर्ण काळजीने देत राहायचं, आणि ऐकणाऱ्याच्या हातातलं दुसरं काही हिसकावून घ्यायचं नाही.

हार्मोनियमचंही असंच झालं. १९४० साली तिला रेडिओवर बंदी झाली, ती १९७१ पर्यंत टिकली. श्रुतींना, म्हणजे स्वरांमधल्या सूक्ष्म अंतरांना, ती न्याय देत नाही हा आक्षेप खोटा नव्हता, पण तीस वर्षं एका वाद्याच्या वादकांना दाराबाहेर ठेवणं मला कधीच पटलं नाही. त्याच धोरणाने सारंगियांना मात्र स्टुडिओत नोकऱ्या मिळाल्या. पं. रामनारायण १९४४ मध्ये लाहोर केंद्रावर साथीदार म्हणून लागले, तिथूनच पुढे सारंगी एकल वाद्य म्हणून जगभर गेली. तुझ्या केंद्राच्या कपाटात जुन्या सारंगी साथीची ध्वनिमुद्रणं असणार. ती शोध. साथीची सारंगी गळ्याच्या मागे कशी जाते हे आजच्या विद्यार्थ्यांना ऐकायलाच मिळत नाही.

कपाटाचा विषय आला म्हणून सांगतो. एक काळ असा होता की टेपा कमी पडत, म्हणून जुनं पुसून त्यावर नवं मुद्रण केलं जाई. काय काय गेलं याचा हिशेब लागणार नाही, आणि मला अजूनही त्याचा राग आहे. जे उरलं आहे त्याची नीट नोंद ठेव. अनेक खोक्यांवर फक्त गायकाचं नाव आणि राग असतो. साल नाही, तबलजी नाही. केंद्रातले जुने वादक, निवृत्त झालेले निवेदक अजून हयात आहेत तोवर त्यांना बोलावून ऐकव. दोन ठेक्यांत ते सांगतील की हात कोणाचा आहे. हे काम कुणी तुझ्या कामगिरीत धरणार नाही, तरीही कर.

एक तांत्रिक गोष्ट, जिच्यामुळे माझी अनेकदा भांडणं झाली. प्रक्षेपणाच्या साखळीत आवाजाची पातळी आपोआप सारखी करणारं यंत्र असतं. बातम्यांना, गाण्यांना ते ठीक. पण आलापीत गायक दोन स्वरांच्या मध्ये थांबला की यंत्राला वाटतं आवाज पडला. ते पातळी वर खेचतं, तानपुरा एकदम फुगतो, मागची खरखर पुढे येते, आणि स्वर लागला की सगळं पुन्हा दबतं. गायकाने मोठ्या कष्टाने राखलेली लहानमोठी आस, म्हणजे स्वराचा रेंगाळणारा नाद, सपाट होते. अभियंत्यांशी वाद घालू नकोस. त्यांना स्टुडिओत बसव, मूळ ध्वनिमुद्रण ऐकव, मग तेच रेडिओ संचावर कसं येतं ते ऐकव. फरक कानाला कळला की शास्त्रीय संगीताच्या वेळेपुरती वेगळी मांडणी करून द्यायला ते स्वतःच पुढे येतात, हा माझा अनुभव.

तुझ्या पत्रातली शंका खरी आहे की मोबाइलवर हवं ते गाणं हवं तेव्हा मिळतं, मग रेडिओ कशाला. आकाशवाणीनेही २६ जानेवारी २०१६ पासून 'रागम' ही चोवीस तासांची शास्त्रीय संगीताची वाहिनी चालवली आहे, ती ॲपवर कुठेही ऐकता येते. न्यू जर्सीतल्या मराठी घरात रात्रीची जेवणं उरकत असताना इथली सकाळची तोडी तिथे पोचते. यात बिघडलं काही नाही. निवेदनात मात्र 'भारतात आत्ता सकाळचे साडेसात' एवढं सांगितलं की त्या तोडीला तिचं घर परत मिळतं. माणूस स्वतः निवडतो तेव्हा ओळखीचंच निवडतो; यमन लावतो, भीमसेनजी लावतो. ज्याचं नावही ऐकलं नाही असा खट किंवा देवगंधार राग त्याच्या कानावर घालायचं काम दुसऱ्या कुणीतरी केलं पाहिजे. ते काम तुझं आहे.

आणि नव्या कलाकारांना चांगली वेळ दे. बी, म्हणजे सुरुवातीच्या श्रेणीची मुलगी पहिल्यांदा गायला येते तेव्हा तिला सकाळी लवकरच्या कोपऱ्यात टाकून मोकळं होतात. ध्वनिमुद्रणाला तू स्वतः हजर राहा. तानपुरे जुळायला पुरेसा वेळ दे, कारण स्टुडिओतला वातानुकूलित गारवा तारांचा सूर हलवतो आणि बाहेरून आलेली तरुण मुलं संकोचाने 'चालेल' म्हणतात. चालत नाही. पुन्हा जुळवून घ्यायला सांग. झाल्यावर तिला तिचं गाणं ऐकव, आणि एक जागा चांगली झाली असेल तर नेमकी कोणती ते सांग.

पुढच्या महिन्याचा आराखडा तयार झाला की मला पाठव. नावं आणि राग तर लिहिच, पण प्रत्येकापुढे दोन गोष्टी नोंद: गाण्याची लांबी किती आणि तू ते शेवटपर्यंत कधी ऐकलंस. दुपारची सभा आधी बघेन.

तुझा,
काका