राजीनाम्यावर सही करण्याआधी

पन्नाशी ओलांडलेल्या कामगारांची पत्रं वाढली आहेत. बहुतेक पत्रांत पीएफ, पेन्शन आणि कंपनीचं निवृत्तीचं वय यांची सरमिसळ असते. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं लक्षात ठेवून पुढची उत्तरं वाचा.

प्रश्न : आमच्याकडे निवृत्ती 60 व्या वर्षी आहे. 58 ला पेन्शन आपोआप सुरू होते का? (सातपूर)

नाही. 10-डी हा पेन्शनच्या अर्जाचा फॉर्म भरावा लागतो. 58 पूर्ण झाल्यावर पेन्शन फंडात जाणारे मालकाचे 8.33 टक्के थांबतात आणि त्याचा सगळा हिस्सा पीएफमध्ये जातो. तसं होतंय का, ते पासबुकात बघा. पेन्शन 60 पर्यंत पुढे ढकलली तर वर्षाला 4 टक्के वाढते. आजारपण आणि घरची गरज पाहून जाणकाराच्या सल्ल्याने ठरवा.

प्रश्न : किमान पेन्शन 7,500 झाल्याचा मेसेज आलाय. खरं का? (इचलकरंजी)

नाही. सप्टेंबर 2014 पासून ती 1,000 रुपये आहे. 7,500 ही मागणी आहे. त्यासाठी बुलढाण्यात पेन्शनरांनी साखळी उपोषण केलं. मागणी न्याय्य आहे, पण मेसेज म्हणजे आदेश नव्हे. असले मेसेज पुढे पाठवू नका.

प्रश्न : हयातीचा दाखला नोव्हेंबरातच द्यायचा ना? (डोंबिवली)

पीएफच्या पेन्शनसाठी तसं बंधन नाही. दिल्यापासून वर्षभर चालतो.

प्रश्न : वय 54, वेल्डर, 27 वर्षं पर्मनंट. एचआर म्हणतं, ‘राजीनामा द्या, व्हीआरएससारखं (स्वेच्छानिवृत्तीसारखं) पॅकेज देऊ, पुढच्या महिन्यात कंत्राटदाराकडून याच जागी घेऊ. नाहीतर बदली.’ काय करू? (भोसरी)

आज सही करू नका. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त सतावतो, म्हणून सविस्तर लिहितो.

कंपनीने तुम्हाला कमी करायचं म्हटलं, तर कायद्याप्रमाणे नोटीस, दर वर्षामागे 15 दिवसांची भरपाई आणि ‘शेवटी आला तो आधी जाईल’ हा क्रम पाळावा लागतो. तुम्ही स्वतःहून राजीनामा दिलात की यातलं काहीच लागू होत नाही. म्हणून तर त्यांना तुमच्याच हातचा कागद हवा असतो.

‘व्हीआरएससारखं’ या शब्दावर तर अजिबात विश्वास ठेवू नका. खरी व्हीआरएस योजना लेखी असते आणि तिच्यात रकमेचं सूत्र दिलेलं असतं. 5 लाखांपर्यंतच्या करसवलतीची एक अट म्हणजे रिकामी झालेली जागा पुन्हा भरायची नाही. मग याच जागी घेण्याचं आश्वासन कसं बसतं? एचआरला लेखी विचारा.

पॅकेजचा आकडाही सुटा करून मागा. ग्रॅच्युइटी, रजेचा पगार आणि पीएफ त्यातच मिसळून रक्कम फुगवलेली मी वारंवार पाहतो. ते पैसे तुमचेच आहेत. ग्रॅच्युइटी तर 30 दिवसांत द्यावीच लागते.

आता पेन्शन. ती शेवटच्या 60 महिन्यांच्या सरासरी पगारावर ठरते आणि तो पगार 15,000 पर्यंतच धरतात. 1 सप्टेंबर 2014 च्या आधीच्या नोकरीला मर्यादा 6,500 ची. कंत्राटदाराने पीएफसाठी पगार कमी दाखवला, तर ही सरासरीही घसरते. कंत्राट सुटलं आणि 58 च्या आधी पेन्शन घ्यावी लागली, तर दर वर्षामागे 4 टक्के कपात होते. ती कायमची असते.

नेमणूकपत्र आणि पगारपत्रकं घेऊन या आठवड्यातच युनियन, कामगार वकील किंवा कामगार उपायुक्तांचं कार्यालय गाठा. दबावाखाली सही झालीच असेल, तर राजीनामा मंजूर होण्याआधी तो मागे घेत असल्याचं लेखी कळवा आणि पोच घ्या. लोक महिनाभर विचार करतात आणि मग येतात. तोवर मंजुरीचं पत्र निघालेलं असतं.

प्रश्न : कंपनीच्या नोंदीत जन्मसाल दोन वर्षं आधीचं आहे. आता बदलेल? (कोल्हापूर)

कठीण आहे. निवृत्तीच्या तोंडावर केलेले असे दावे न्यायालयं सहसा मानत नाहीत. शाळेचा दाखला घेऊन वकिलांना लगेच भेटा.

प्रश्न : जादा पेन्शनचा (15,000 च्या मर्यादेऐवजी पूर्ण पगारावर पेन्शन मिळण्याचा) अर्ज राहिला. एजंट पैसे घेऊन करून देतो म्हणतो. (अंबरनाथ)

एक रुपयाही देऊ नका. सर्वोच्च न्यायालयाच्या 4 नोव्हेंबर 2022 च्या निकालानंतर दिलेली मुदत 11 जुलै 2023 ला संपली. ज्यांनी वेळेत अर्ज केला आणि पेन्शन फंडात भरायच्या फरकाच्या रकमेचं पत्र आलंय, त्यांनी पीएफमधून किती जाणार आणि महिन्याला किती वाढणार, हा हिशेब जाणकाराकडून तपासल्याशिवाय होकार कळवू नये.