देवयानीतले क्ष-किरण ठिपके नक्की कोणाचे?

प्रश्न : हरभऱ्याच्या जागलीला गेलो की अंधाऱ्या रात्री देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी धुरकट डागासारखी दिसते. क्ष-किरण दुर्बिणींना तिच्यात शेकडो ठिपके दिसतात, असे वाचनात आले. ते तिचेच आहेत कशावरून? आणि त्यांतले कृष्णविवर कसे ओळखतात?
— एक शेतकरी वाचक, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : आपली पहिली शंका हीच या अभ्यासातली खरी मेख आहे. क्ष-किरण वातावरणात शोषले जात असल्याने त्यांच्या दुर्बिणी अवकाशात पाठवाव्या लागतात. १९९९ साली सोडलेली, सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची ‘चंद्रा’ दुर्बीण येणारा फोटॉन (प्रकाशकण) सुटा टिपून त्याची जागा, वेळ आणि ऊर्जा नोंदवते. कित्येक तास रोखून पाहिल्यावरही मंद स्रोताचे जेमतेम दहावीस फोटॉन हाती लागतात आणि तेवढ्यावरच निवाडा करायचा असतो.

त्यांतले काही ठिपके आपल्याच आकाशगंगेतल्या ताऱ्यांचे असतात, तर काही अब्जावधी प्रकाशवर्षे पलीकडच्या क्वेसारांचे (अतितेजस्वी दीर्घिका-केंद्रांचे), ज्यांचे किरण मधल्या दीर्घिकेतून आरपार येतात. रिकाम्या आकाशाच्या तेवढ्याच तुकड्यात असे स्रोत किती भरतात हे आधीच्या सर्वेक्षणांतून ठाऊक असल्यामुळे परके किती, याचा अंदाज बांधता येतो. पण परका नेमका कोणता, हे एकेक ठिपका दृश्य प्रकाशातल्या छायाचित्राशी ताडूनच ठरवावे लागते. हे काम किचकट खरे, पण माझ्या मते पुढचे सारे निष्कर्ष त्यावरच उभे आहेत.

उरलेल्यांपैकी बहुतेक तेजस्वी स्रोत जोडतारे असतात. न्यूट्रॉन तारा (मेलेल्या ताऱ्याचा उरलेला अतिघन गाभा) किंवा कृष्णविवर सोबत्याचा वायू ओढून घेते आणि आत पडताना तो वायू लक्षावधी अंशांपर्यंत तापून क्ष-किरण सोडतो. वजनदार सोबत्याची जोडी अल्पायुषी, म्हणून ती नवे तारे जन्मणाऱ्या सर्पिल बाहूंत सापडते. हलक्या सोबत्याच्या जुन्या जोड्या मध्यभागी आढळतात.

कृष्णविवराची खात्री मात्र वस्तुमानावरूनच पटते. उदाहरणार्थ, सुमारे २७ लाख प्रकाशवर्षे दूरच्या एम ३३ या दुसऱ्या सर्पिल दीर्घिकेत ‘एक्स-७’ हा स्रोत दर ३.४५ दिवसांनी सोबती ताऱ्याच्या आड जातो. या ग्रहणामुळे कक्षेचा कल कळला, वर्णपटावरून सोबत्याचा वेग मिळाला आणि २००७ मध्ये स्रोताचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १५.७ पट असल्याचे जाहीर झाले. न्यूट्रॉन तारा सुमारे तीन सूर्यांहून जड असू शकत नाही, त्यामुळे ते कृष्णविवरच ठरले. अशी मोजणी फारच थोड्या स्रोतांची होऊ शकते, म्हणून बाकीच्यांपुढे शास्त्रज्ञ ‘संभाव्य’ हा शब्द लावतात, आणि तो वाचताना आपणही गाळू नये.