अडलेल्या कामाविषयी एका तरुण अभियंत्यास

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. पाणी जलकुंभापर्यंत चढवणारी ऊर्ध्व वाहिनी टाकून झाली, जलकुंभ उभा राहिला, तरीही गावात पाणी नाही. कारण रस्ता ओलांडून वाहिनी नेण्याची परवानगी एका कार्यालयात थांबली आहे, पंपगृहाची वीजजोडणी दुसऱ्या, आणि ठेकेदाराच्या चालू देयकाची फाईल लेखाशाखेतून पुन्हा परत आली आहे. ग्रामसभेत उभे राहून उत्तर द्यावे लागते ते मात्र तुला. ‘मला माझे काम करूच दिले जात नाही’ हे तुझे वाक्य मला अतिशयोक्त वाटत नाही, आणि ‘सरकारी काम अन् सहा महिने थांब’ असे सांगून जे तुला गप्प बसवू पाहतात, त्यांचे तू ऐकू नयेस असे मला मनापासून वाटते. माणशी दिवसाला 55 लिटर पाणी घरात पोहोचावे यासाठी 2019 साली जल जीवन मिशन सुरू झाले. तुझी तळमळ त्या पाण्यासाठी आहे आणि ती योग्यच आहे.

पण संतापाच्या भरात तू तिन्ही अडथळ्यांना एकच नाव दिले आहेस, आणि माझ्या मते तुझा निम्मा मनस्ताप तिथूनच येतो. रस्त्याच्या कार्यालयातला लिपिक तुझा वैरी नाही. पावसाळ्यात चर खचला आणि एखादी मोटारसायकल त्यात गेली, तर खुलासा त्याच्या साहेबांना मागितला जाईल, ही त्याची भीती आहे. म्हणून नुसते विनंतिपत्र घेऊन जाऊ नकोस. साखळी क्रमांक, म्हणजे रस्त्यावरची नेमकी जागा सांगणारे अंतर, दाखवणारा नकाशा, चर खोदणार की रस्त्याखालून बोअरिंग करणार याचा तपशील, रस्ता पूर्ववत करण्याच्या खर्चाचे अंदाजपत्रक आणि हमीपत्र असे सगळे एकत्र दे, आणि संयुक्त पाहणीची तारीख तिथेच मागून घे. सही करणाऱ्याला सुरक्षित वाटेल एवढा कागद त्याच्या हाती असला, की पुष्कळ फायली आपोआप हलतात. लेखाशाखेचेही तसेच आहे. झालेल्या कामाची मापे नोंदवलेल्या मोजमाप पुस्तिकेतील परिमाण आणि देयकातील परिमाण जुळत नाही एवढाच शेरा असेल, तर तो दुरुस्त करून आजच फाईल पाठव. दर वेळी नवी त्रुटी निघत असेल, तर ‘सर्व त्रुटी एकत्रित कळवाव्यात’ अशी टिपणी वरिष्ठांमार्फत लिही.

प्रत्येक प्रकरणाचा आवक क्रमांक, तारीख आणि सध्या ते कोणाच्या टेबलावर आहे, एवढे एका वहीत लिहून ठेव. आज ते सारे तू डोक्यात वागवतोस, म्हणून रात्री झोप येत नाही. राज्य शासनाच्या कार्यालयांसाठी 2005 चा बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा अधिनियम आहे. साधारण फाईल एका कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, दुसऱ्या विभागाकडे पाठवावी लागत नसेल तर 45 दिवसांत आणि लागत असेल तर तीन महिन्यांत निर्णय व्हावा, असे तो सांगतो. हा कायदा पहिल्याच भेटीत कोणाच्या तोंडावर फेकू नकोस. दुसऱ्या स्मरणपत्रात त्याचा साधा उल्लेख कर, प्रत कार्यकारी अभियंत्यांना दे, आणि तेवढ्यावर थांब.

ज्या गोष्टीची मला खरी काळजी वाटली, ती तू ओझरती लिहिली आहेस. ‘परवानगीची वाट कशाला बघतोस, रात्री रस्ता फोडून पाइप टाकून घे’ असे तुला वरून तोंडी सांगितले गेले. हे करू नकोस. शासकीय कर्मचाऱ्यांसाठीच्या 1979 च्या वर्तणूक नियमांप्रमाणे वरिष्ठांचा आदेश शक्यतो लेखी घ्यायचा असतो, आणि ते शक्य नसेल तर लवकरात लवकर लेखी पुष्टी मिळवायची असते. तेव्हा नम्रपणे टिपणी सादर कर : ‘आपण दिलेल्या तोंडी सूचनेबाबत लेखी आदेश व्हावेत.’ ज्यांना जबाबदारी घ्यायची नसते, ते अशा टिपणीवर बहुधा सही करत नाहीत, आणि विषय तिथेच मिटतो. नाराजी ओढवेल हे खरे, पण उद्या रस्ता खचला तर त्या नाराजीपेक्षा फार जड ओझे तुझ्या एकट्याच्या अंगावर येईल. परवानगीसाठी कोणी पैसे मागितले, तर मात्र टिपणीत वेळ घालवू नकोस. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक त्यासाठीच आहे.

आता तुझ्या हातात काय उरले, ते पाहा. रस्त्याकडेला पाइप उन्हात पडले आहेत असे तू लिहितोस. पीव्हीसीचे पाइप महिनोन्‌महिने उन्हात राहिले की ठिसूळ होतात. ते सावलीत घे किंवा ताडपत्रीने झाक, आणि टाकलेल्या वाहिनीची उघडी तोंडे टोप्या लावून बंद कर, नाहीतर माती आणि उंदीर आत शिरतील आणि पहिल्याच दिवशी गढूळ पाणी येईल. रस्त्याच्या अलीकडच्या वाहिनीत टँकरचे पाणी भरून हातपंपाने दाब देऊन टप्प्याटप्प्याने गळती चाचणी घेता येते. पंपाच्या हमीचा काळ कोणत्या दिवसापासून मोजायचा, हे पुरवठा आदेशात तपासून घे. यांतल्या एकाही कामाला कोणाची परवानगी लागत नाही. दुसऱ्यांनी अडवले म्हणून आपल्या वाट्याचे काम ढिले पडू देणे, हा निराशेचा सर्वांत वाईट परिणाम असतो आणि तो आपल्याला लवकर दिसतही नाही.

ग्रामसभेत कोणत्याही खात्याला दोष देऊ नकोस. अर्ज कोणत्या तारखेला दिला, पाहणी कधी ठरली, पुढे काय व्हायचे आहे, एवढे वाचून दाखव. प्रश्न विचारणाऱ्या बाया चिडतील; त्यांना चिडण्याचा हक्क आहे, त्यांचे शेवटपर्यंत ऐक. आणि वर्षाला मिळणाऱ्या आठ किरकोळ रजांपैकी एखादी या महिन्यात घेऊन घरी जाऊन ये.

लेखी आदेशाच्या टिपणीचा मसुदा सादर करण्याआधी मला पाठव. भाषा कुठे तीव्र झाली असेल तर दोघे मिळून सौम्य करू, पण तिच्यातली मागणी तशीच ठेवू.

तुझा हितचिंतक