तारण, गहाण आणि बोजा

या अंकासाठी खान्देशातून आलेली पत्रं दोन गोष्टींभोवती फिरतात. ख्रिस्तावरच्या विश्वासाने तारण, म्हणजे पापातून सुटका, होतं म्हणजे नक्की काय होतं? आणि ते दुसऱ्याला सांगायचं कसं? एकसारखे प्रश्न आम्ही एकत्र केले आहेत.

प्रश्न : नुसत्या विश्वासाने तारण, असं उपासनेत सांगतात. मग दान, उपास, दर रविवारची हजेरी यांना काहीच किंमत नाही का? इतकं सोपं असेल तर माणूस मोकाट सुटेल. (एक वाचक, धरणगाव)

उत्तर : सातबाऱ्यापासून सुरुवात करू. गावच्या सेवा सोसायटीचं कर्ज घेतलं की ‘इतर हक्क’ या रकान्यात बोजा चढतो. समजा, तुमचं सगळं थकलेलं कर्ज दुसऱ्याच कोणी व्याजासकट भरलं आणि निल दाखला, म्हणजे काही बाकी नसल्याचा दाखला, तुमच्या हातात आणून दिला. आता तुम्ही तो दाखला तलाठ्याकडे नेता, फेरफार होतो आणि बोजा उतरतो. तलाठी कार्यालयात जाण्याने तुम्ही कर्ज फेडलं का? नाही. कर्ज आधीच फिटलेलं होतं. तुम्ही फक्त दाखला खरा मानला आणि त्याच्या भरवशावर पाऊल टाकलं. विश्वास म्हणजे एवढंच. येशूचा प्रेषित पौल याने बायबलमधल्या कलस्सैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ऋणपत्राचीच उपमा दिली आहे : आपल्याविरुद्धचा लेख ख्रिस्ताने खोडला आणि वधस्तंभाला खिळला.

इथे पुष्कळजण कर्जमाफीची उपमा देतात. आमच्या मते ती टाळावी. माफी म्हटलं की याद्या आल्या, निकष आले, पात्र-अपात्र आलं. शिवाय पैसे कोणाच्या खिशातून गेले ते डोळ्यांसमोर येत नाही. सुवार्तेत, म्हणजे ख्रिस्ताच्या शुभसंदेशात, यादी नाही आणि भरणाऱ्याचं नाव स्पष्ट आहे. घेणाऱ्याला ते सोपं वाटतं, भरणाऱ्याला ते स्वस्त पडलेलं नाही.

आता सत्कर्मांचं. इफिसकरांस पत्र २:८-१० या तीन वचनांत क्रम लावून दिलेला आहे. आठव्यात कृपेने, विश्वासाच्या द्वारे, देवाचं दान. नवव्यात कर्मांनी नाही, म्हणजे कोणाला फुशारकी मारता येऊ नये. दहाव्यात मात्र सत्कर्मं येतात, कारण त्यांच्यासाठीच आपल्याला नव्याने घडवलं आहे. आठवं-नववं वाचून दहावं सोडणारा मोकाट सुटतो. दहावं आधी वाचणारा जन्मभर हप्ते भरत बसतो. आपल्या मंडळ्यांत दुसरा प्रकार जास्त आढळतो. आजारपणात दोन रविवार चुकले तर देव रागावला असेल म्हणून घाबरणारी माणसं त्यातलीच.

येशूशेजारी वधस्तंभावर असलेल्या चोराकडे पाहा (लूक २३). त्याला ना बाप्तिस्मा मिळाला, ना दान देता आलं, ना एक रविवार. ‘माझी आठवण ठेवा’ एवढंच तो येशूला म्हणाला आणि त्याच दिवशी सुखलोकात असण्याचं वचन घेऊन गेला. फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याला मात्र पुढे आयुष्य होतं. त्याने विश्वास ठेवला आणि त्याच रात्री त्याच्या कैदेतल्या पौल-सीलांच्या जखमा धुतल्या (प्रेषितांची कृत्ये १६). तारण दोघांचं एकच. दुसऱ्याच्या हाताला लगेच काम लागलं, इतकाच फरक.

प्रश्न : पापक्षमेची प्रार्थना मी तीन मेळाव्यांत तीनदा केली. तरी खात्री वाटत नाही. प्रार्थनेचे शब्द चुकले असतील का? (एक वाचक, नवापूर)

उत्तर : शब्द चुकत नाहीत, कारण तो मंत्र नाही. मंदिरात मागे उभा राहिलेला जकातदार छाती बडवत ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर’ एवढंच बोलला आणि नीतिमान ठरून घरी गेला (लूक १८).

तुमची नजर कुठे आहे तेवढं तपासा. गणना २१ मध्ये सापांनी चावलेल्या लोकांना खांबावरच्या पितळी सापाकडे बघायला सांगितलं होतं. बघितलं तो जगला. ‘माझं बघणं पुरेसं ताकदीचं आहे का’ म्हणून कोणी आपलेच डोळे तपासत बसलं नाही. येशूने हीच गोष्ट स्वतःला लावली आहे (योहान ३:१४-१५). तेव्हा मेळाव्यात प्रार्थनेसाठी चौथ्यांदा हात वर करू नका. १ योहान ५:११-१३ रोज सकाळी मोठ्याने वाचा. तिथे ‘तुम्हाला सार्वकालिक जीवन लाभलं आहे हे कळावं म्हणून’ लिहिलं आहे. कळावं म्हणून, वाटावं म्हणून नाही. आणि एखादं लपवलेलं पाप टोचत असेल तर ते नाव घेऊन देवापुढे कबूल करा (१ योहान १:९). ज्याचं नुकसान केलं असेल त्याचं भरून द्या.

प्रश्न : मी फारशी शिकलेली नाही. शेजारच्या बायकांना प्रभूविषयी सांगावंसं वाटतं, पण सुरुवात कुठून करू आणि किती बोलू? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर : ताई, विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी बाईने घागर विहिरीवरच सोडली आणि गावात जाऊन ‘चला, बघा’ म्हणाली (योहान ४). शिक्षण तिचंही नव्हतं. दहा मिनिटं पुरतात. त्यातली पहिली पाच ऐकण्यात घालवा.

समोरच्या बाईच्या मनावर काय ओझं आहे ते आधी कळू द्या. मग विचारा, ‘मला यात आधार कसा मिळाला ते सांगू का?’ ती नाही म्हणाली तर विषय तिथेच सोडा आणि चहा घ्या. हो म्हणाली तर चार वचनं पुरेत : रोमकरांस पत्र ३:२३ (सगळे चुकले), ६:२३ (मजुरी मरण, दान जीवन), ५:८ (आपण पापी असतानाच ख्रिस्त मेला) आणि १०:९ (मुखाने कबुली, मनात विश्वास). चारही एकाच पत्रात असल्याने पानं उलटताना गोंधळ होत नाही. चार चिठ्ठ्या घालून ठेवा. तिला वाचता येत असेल तर पुस्तक तिच्या हातात द्या, बोट तिचं फिरू द्या. ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठला (१ करिंथ १५:३-४), यातलं उठणं बहुतेकांच्या सांगण्यातून गळतं. ते गाळलं तर हाती फक्त एका भल्या माणसाची शोकांतिका उरते.

शब्दांकडे लक्ष द्या, सगळ्यात जास्त गडबड तिथेच होते. ‘तारण’ म्हटलं की आपल्याकडे सोनेतारण आठवतं, नाहीतर बाजार समितीतलं शेतमाल तारण. म्हणजे गहाण! नेमका उलटा अर्थ. पहिल्या भेटीत ‘सुटका’ म्हणा, ‘वाचवलं’ म्हणा. ‘मोक्ष’ म्हटलं तर जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटणं असं ऐकलं जाईल. ‘पाप’ म्हटलं की खून-दरोडा डोळ्यांसमोर येतो, म्हणून जावेशी धरलेला अबोला, मापात मारलेली खोट अशी रोजची नावं घ्या. आणि घरी अहिराणी बोलत असाल तर अहिराणीतच सांगा. ‘येशू मना तारणारा शे’ यातला ‘मना’ जिथे पोचतो तिथे पुस्तकी ‘माझा’ पोचत नाही. नवापूरकडे मावची, धडगावकडे पावरी, तिथेही हेच.

‘आम्ही येशूलाही मानतो’ असं उत्तर हमखास येईल. वाद घालू नका, त्यात आदर आहे. मानणं आणि भरवसा टाकणं यातला फरक मात्र हळूच दाखवा. डॉक्टर हुशार आहे हे सगळा गाव मानतो, ऑपरेशनच्या टेबलावर झोपतो तो भरवसा टाकतो.

काही गोष्टी अजिबात करू नका. तिच्या देवांना नावं ठेवू नका. पैसे, नोकरी, शाळेतला प्रवेश, औषध यांची सांगड कधीच घालू नका. मदत करायची असेल तर जरूर करा, पण ती ऐकण्यावर अवलंबून नको. आईबापांना न विचारता लेकरांना बसवू नका. मजूर बाईला स्वतःच्या शेतात कापूस वेचताना गाठू नका, तिला नाही म्हणता येणार नाही. तिच्यासोबतचा फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. घटनेच्या कलम २५ ने धर्माच्या प्रसाराचा हक्क दिला आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केलं की त्यात दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क येत नाही. आम्हाला तर कायद्याआधी सुवार्ताच आडवी येते : जे देव फुकट देतो त्याला आपण आमिष लावलं तर ते दान राहत नाही.

प्रश्न : आजाऱ्यासाठी प्रार्थना करतो. बरा झाला नाही तर ‘तुझा विश्वास कमी पडला’ असं काहीजण सांगतात. हे बरोबर आहे का? (एक वाचक, शहादा)

उत्तर : चूक आहे, आणि क्रूर आहे. पौलाने देवाला तीनदा विनंती करूनही त्याच्या देहातला काटा, म्हणजे त्याला छळणारी पीडा, निघाला नाही (२ करिंथ १२). सोबती त्रफिमाला त्याला मिलेतात आजारी सोडून यावं लागलं (२ तीमथ्य ४:२०). प्रार्थना करा, हात धरून करा, पण ‘नक्की बरा होशील’ असा शब्द देऊ नका. चालू गोळ्या बंद करायला कधीही सांगू नका. टीबीच्या गोळ्या मध्येच सोडल्या तर रोग औषधाला दाद देईनासा होऊ शकतो.

प्रश्न : मेळाव्यात हात वर करणारे पुढच्या महिन्यात दिसत नाहीत. काय चुकतं? (एक वाचक, शिरपूर)

उत्तर : हात मोजले जातात, घरी कोणी जात नाही. पहिल्या आठवड्यातच जा, शक्यतो दोघंजण, आणि घरच्या वडीलधाऱ्यांना आधी भेटा. लपूनछपून भेटलात तर संशय येतो, आणि तो रास्त असतो. मार्ककृत शुभवर्तमान घ्या. सोळा अध्याय आहेत, आठवड्याला चार धरले तर चार आठवडे. प्रत्येक अध्यायानंतर दोनच प्रश्न : येशू कोण आहे असं यातून दिसतं? आणि आज माझ्याकडून काय हवं आहे? उत्तर तुम्ही देऊ नका, शांतता लांबली तरी थांबा. वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवा किंवा मोबाइलवर ऐकवा. बाप्तिस्म्याची घाई करू नका. सोळावा अध्याय संपल्यावर तो विषय त्यांनाच काढू द्या.