मातीचं घर गार आणि सिमेंटचं घर भट्टी, असं का?

जुनी मातीची घरं उन्हाळ्यात गार असायची, सिमेंटच्या घरात मात्र जीव नकोसा होतो; मग आता बांधताना मातीकडेच वळावं का, असं तुम्ही विचारलंय. घरांचे आराखडे करणं हेच माझं काम, त्यामुळे हा प्रश्न कायम कानावर येतो. माझ्या मते सिमेंटला जरा जास्तच शिव्या बसतात.

ऐन उन्हाळ्यात रात्री दहाच्या सुमाराला वरच्या मजल्यावर स्टुलावर चढून छताला तळवा लावून बघा. बाहेर वारा सुटलेला असतो, पण छत अजून गरम लागतं. दुपारी उघड्या गच्चीचा पृष्ठभाग ६० अंशांपर्यंत तापतो. ती उष्णता पाच-सहा इंची स्लॅबमधून खाली झिरपायला काही तास लागतात. संध्याकाळ झाली की छत खोलीत धग सोडायला लागतं, ते थेट झोपायच्या वेळेपर्यंत. खोलीतली हवा फार तापलेली नसली तरी उकडतं ते यामुळेच. वर पंखा छताजवळची गरम हवाच खाली ढकलत असतो.

५० सेंटिमीटर जाडीच्या मातीच्या भिंतीतून हाच प्रवास व्हायला दहा-बारा तास सहज जातात. दुपारची धग आत पोचेपर्यंत रात्र झालेली असते, आणि बाहेरची हवा गार असेल तर खिडक्या उघडून ती घालवून देता येते. १९६४ साली कैरोत वेगवेगळ्या साहित्याच्या खोल्या बांधून मोजमापं घेतली होती. इजिप्तचे वास्तुकार हसन फाथी यांनी ती लिहून ठेवली आहेत. जाड मातीच्या खोलीत दिवसरात्रीत जेमतेम दोन अंशांचा फरक पडला. काँक्रीट पॅनेलच्या खोलीत पारा ३६ वर गेला, बाहेरच्या हवेच्याही वर. मातीचे भक्त हे आकडे आवडीने सांगतात, पण एक गोम गाळतात: मातीची भिंत ५० सेंटिमीटरची होती आणि काँक्रीट १० सेंटिमीटरचं. म्हणजे तिथे साहित्याइतकीच जाडीचीही तुलना झाली.

शिवाय जाड भिंतीची ही करामत चालते कोरड्या हवेत, जिथे रात्री पारा चांगला दहा-पंधरा अंशांनी उतरतो. दमट किनारपट्टीवर रात्रही उबदारच असते. दिवसभर तापलेल्या भिंतीला निवायला तिथे सवडच मिळत नाही. म्हणून तशा भागांतली जुनी घरं पुष्कळदा हलकी असतात: लाकूड, बांबू, उतरतं छप्पर, जोतं उंच आणि वारा आरपार. तिथे घाम सुकला तरच बरं वाटतं. इराणमधल्या यज्दचे वारा पकडणारे मनोरे बघून कोणी दमट शहरात तसलाच मनोरा बांधायला निघालं, तर मी लांबूनच हात जोडतो.

जुन्या घरांतला अंधार, वाळवी, दरवर्षीचं लिंपण हेही आपण विसरतो. आणि १९९३ साली किल्लारीला, २००३ साली इराणच्या बाम शहरात भूकंप झाला तेव्हा माणसं गाडली गेली ती अशाच जड भिंती-माळवदांखाली.

तेव्हा पैसे आधी छतावर घाला. स्लॅबच्या वरून उष्णतारोधक थर आणि त्यावर पांढरा, ऊन परतवणारा लेप. थर खालून लावला तर स्लॅब उन्हात तापतच राहतो. लेपावर धूळ बसली की गुण कमी होतो, तेव्हा अधूनमधून गच्ची धुवावी लागेल. पश्चिमेला मोठी काच टाळा. संध्याकाळचं ऊन तिरपं येतं, छज्जा त्याला अडवत नाही. बाहेरून जाळी, बांबूच्या काड्यांचा पडदा किंवा झाड हवं. आतल्या पडद्यापर्यंत ऊन पोचलं म्हणजे ते घरात आलंच. हवा कोरडी असेल तर दुपारी खिडक्या घट्ट बंद आणि रात्री सताड उघड्या ठेवा. दमट असेल तर समोरासमोरच्या भिंतींत खिडक्या हव्यातच.

भिंतीचं मात्र तुमच्याकडे ऐन उन्हाळ्यात पहाटे पारा किती खाली येतो यावर ठरेल. तो आकडा आणि प्लॉटची दिशा कळवा, मग जाडीबद्दल नेमकं सांगता येईल.