डुकराची किडनी येईपर्यंत थांबायचं का?

प्रश्न : डॉक्टर, आम्ही धनकवडीत राहतो. मिस्टरांचं दोन वर्षं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातनं तीनदा, चार-चार तास. सासूबाई किडनी द्यायला तयार आहेत पण हे ऐकत नाहीत. परवा फॅमिली ग्रुपवर मेसेज आला की चीनमधे डुकरात माणसाची किडनी वाढवली, तेव्हापासून एकच धोशा, आईला कशाला कापायचं, थोडं थांबू. सासूबाई माळकरी, त्या म्हणतात डुकराचं काही माझ्या पोराला लावायचं नाही. काय करू?

उत्तर : ताई, मेसेज खोटा नाहीये, अर्धवट आहे. 2023 मधे ग्वांगझूच्या शास्त्रज्ञांनी डुकराच्या गर्भातले किडनी घडवणारे दोन जीन बंद पाडले, म्हणजे तेवढी जागा मोकळी झाली, आणि तिथे माणसाच्या स्टेम सेल, म्हणजे कुठलाही अवयव घडवू शकणाऱ्या मूळ पेशी, सोडल्या. 28 दिवसांनी बघितलं तर किडनीत निम्म्याहून जास्त पेशी माणसाच्या! भारीच आहे हे. पण अठराशेच्या वर भ्रूण डुकरिणींच्या पोटात सोडले तेव्हा कुठे तपासायला पाच हाती लागले, आणि किडनी म्हणजे तरी काय, गर्भातली अगदी सुरुवातीची, कुणाला बसवायच्या लायकीची नाहीच. शिवाय माणसाच्या थोड्या पेशी गर्भाच्या मेंदूतही सापडल्या, खरी धास्ती त्याचीच आहे.

अमेरिकेत पेशंटला बसवतात ते प्रकरण वेगळं. ती किडनी डुकराचीच, जीन बदललेली. बॉस्टनला 2025 मधे एकाला बसवली, 271 दिवस चालली, मग काढावी लागली आणि परत मशीन.

तेव्हा थांबू नका. सासूबाईंच्या तपासण्या याच आठवड्यात सुरू करा, नुसतं वय आडवं येत नाही, बीपी, शुगर, किडनीचं काम बघून ठरतं, आणि आईच देणार म्हटल्यावर परवानगीची कटकटही कमी. रक्तगट जुळला नाही तर स्वॅपचं, म्हणजे अशाच दुसऱ्या कुटुंबाशी किडनीच्या अदलाबदलीचं विचारा. जोडीला हॉस्पिटलच्या ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला गाठून पुण्याच्या झेडटीसीसीच्या, म्हणजे मरणोत्तर दान झालेल्या अवयवांचं वाटप बघणाऱ्या केंद्राच्या, यादीत नाव घालून ठेवा, दोन्ही चालतं.

राहता राहिलं डुक्कर. डायलिसिसला नळ्यांमधे रक्त गोठू नये म्हणून हेपारिन देतात ना, ते बहुतेक डुकराच्या आतड्यापासनंच काढलेलं असतं. आता हे सासूबाईंना सांगायचं का नाही ते तुम्ही बघा बुवा.